मुंबईच्या चांदीच्या रुपयांचे ठसे: ओळख, वर्गीकरण आणि अनिर्णित प्रश्न

प्रश्नाचे स्वरूप

ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत पाडलेल्या चांदीच्या नाण्यांचा काळ ठरवताना त्यांच्यावर कोरलेल्या सनावर विसंबता येत नाही, ही गोष्ट नाणेशास्त्राला नवी नाही. मात्र सन बाजूला ठेवल्यावर कशाचा आधार घ्यायचा, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत टप्प्याटप्प्याने बदलत गेले आहे. नाणे पाडताना चांदीची चकती ज्या दोन कोरीव पोलादी साच्यांमध्ये ठेवून तिच्यावर घाव घातला जातो, त्यांना ठसे म्हणतात. हाताने कोरलेले दोन ठसे कधीच तंतोतंत सारखे उतरत नाहीत. कुठे टिंब सरकते, कुठे अक्षराचा फराटा लांबतो, कुठे फुलाची पाकळी कमी पडते. मजकूर, टांकसाळ आणि सन एकच असूनही निरनिराळ्या ठशांमुळे नाण्यांत जे फरक पडतात, त्यांना ठशांचे प्रकार म्हटले जाते. हे प्रकार वेगळे काढून त्यांचा क्रम लावणे आणि त्यावरून टांकसाळीचे काम कसे चालले ते समजून घेणे, हा प्रस्तुत आढाव्याचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ संग्राहकांच्या हौसेचा नाही. गिरगावातील खोताची वाडी दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाच्या जमिनीवर अठराव्या शतकाच्या अखेरीस वसू लागली असे मानले जाते, आणि त्या काळच्या मुंबईत जमिनीचे मोल, भाडे, मजुरी व सारा ज्या चलनात चुकता होत असे ते मुख्यतः मुंबई व सुरत येथील रुपयांचे होते. कोणत्या दशकात किती रुपया बाजारात आला आणि तो मुंबईत पाडलेला होता की सुरतेत, हे कळल्याखेरीज शहराच्या घडणीचा आर्थिक इतिहास अपुराच राहतो.

पार्श्वभूमी: अँग्लिनापासून सुरती रुपयापर्यंत

मुंबई बेट १६६१ च्या विवाहकराराने इंग्लंडच्या राजाकडे आले, त्याचा प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये घेण्यात आला, आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड खंडावर ते कंपनीच्या हवाली झाले. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याच्या कारकिर्दीत, १६७२ च्या सुमारास, येथे टांकसाळ सुरू झाली आणि सोन्याच्या नाण्याला कॅरोलिना, चांदीच्या नाण्याला अँग्लिना, तांब्याच्या नाण्याला कॉपरून व कथलाच्या नाण्याला टिनी अशी नावे योजली गेली. ती लोकांच्या तोंडी बसली नाहीत आणि अँग्लिना रुपया म्हणूनच चालली. ५ ऑक्टोबर १६७६ च्या सनदेने दुसऱ्या चार्ल्सने कंपनीला मुंबईत रुपये, पैसे आणि बुजरुक पाडण्याचा अधिकार दिला, आणि त्यानंतरच्या रुपयावर इंग्रजीत ‘द रुपी ऑफ बॉम्बेम’ असा मजकूर व राजाच्या अधिकाराचा उल्लेख आला. नाणी आधी आणि सनद मागाहून, असा हा क्रम आहे.

लॅटिन व इंग्रजी मजकुराची ही नाणी मुंबईच्या बेटाबाहेर कोणी सहजी घेईना. मोगल मुलखातील सराफाला ओळखीचा होता तो बादशहाच्या नावाचा, फार्सी अक्षरांचा सिक्का. कंपनीने १६९० नंतर विल्यम व मेरी यांची नावे फार्सीत घालून रुपये पाडून पाहिले, तेव्हा परक्या राजाच्या नावाच्या या नाण्यांवरून औरंगजेबाच्या दरबारात रोष झाल्याचे मोगल इतिहासकार खाफीखानाने नोंदवले आहे. अखेर १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाच्या फर्मानाने मार्ग मोकळा झाला, आणि तिथून पुढे मुंबईच्या रुपयावर एका बाजूस ‘सिक्का मुबारक बादशाह गाजी’ या शब्दांसह मोगल बादशहाचे नाव, तर दुसऱ्या बाजूस राज्यवर्ष म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष आणि ‘जर्ब मुंबई’ म्हणजे ‘मुंबईत पाडलेले’ हे शब्द येऊ लागले. मुहम्मदशहा, अहमदशहा, दुसरा आलमगीर आणि दुसरा शाह आलम यांच्या नावांची नाणी या मालिकेत येतात.

तिसरा टप्पा सर्वांत गुंतागुंतीचा आहे. कंपनीने १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला घेतला आणि १८०० मध्ये शहराचा सगळा कारभार हाती घेतला; त्यानंतर सुरती रुपया हाच पश्चिम किनाऱ्यावरचा प्रमाण रुपया ठरवून सुमारे १७९ ग्रेन वजनाचा हा रुपया सुरतेत तसा मुंबईतही पाडला जाऊ लागला. मुंबईत पाडलेल्या रुपयावरही टांकसाळीचे नाव सुरत हेच राहिले आणि सनही गोठवला गेला: हिजरी १२१५ आणि शाह आलमचे राज्यवर्ष ४६. ही जोडी आपसांत जुळतही नाही. शाह आलम हिजरी ११७३ मध्ये गादीवर आला, म्हणजे त्याचे ४६ वे वर्ष हिजरी १२१८-१९ मध्ये पडते, तर हिजरी १२१५ म्हणजे इसवी सन १८००-०१. त्यामुळे या रुपयावरचे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, आणि वर्षानुवर्षे तेच आकडे कोरले गेल्याने नाणे प्रत्यक्षात कधी पडले हे त्यांवरून मुळीच कळत नाही.

सन गोठवण्यामागे व्यवहाराची निकड होती. नवे वर्ष लागले की गेल्या वर्षीच्या रुपयावर सराफ बट्टा आकारत, म्हणजे पूर्ण वजनाचे नाणेही कमी मोलाने घेत. सन बदललाच नाही तर जुने-नवे असा भेद उरत नाही, हे हेरून कंपनीने बंगालमध्ये १७९३ च्या कायद्याने १९ व्या राज्यवर्षाचा सिक्का कायम केला होता. रयतेला त्याने दिलासा मिळाला असेल, परंतु इतिहासकाराच्या हातातला सरळ पुरावा मात्र गेला.

बॉस्टनचा दाखला

गोठलेल्या सनाच्या नाण्यांचा क्रम केवळ ठशांवरून लावता येतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीचे आहे. तेथे बॉस्टनमध्ये जॉन हल आणि रॉबर्ट सँडर्सन या सोनारांनी १६५२ पासून १६८२ पर्यंत चांदीचे शिलिंग व त्याहून लहान नाणी पाडली. आधी नुसती ‘एन ई’ ही अक्षरे, मग विलो, त्यानंतर ओक आणि शेवटी पाइन वृक्ष असे त्यांवरील चित्र बदलत गेले, पण चित्र असलेल्या नाण्यांवरचा सन १६५२ हाच राहिला. अपवाद फक्त १६६२ सनाच्या ओक वृक्षाच्या दोन पेन्सी नाण्याचा. इंग्लंडमध्ये तेव्हा राजा नव्हता म्हणून तोच सन मुद्दाम ठेवला, असे एक लोकप्रिय स्पष्टीकरण दिले जाते. टांकसाळीला मान्यता देणाऱ्या ठरावाचे ते वर्ष होते एवढाच त्याचा अर्थ, असे दुसरे मत आहे.

सिल्व्हेस्टर क्रॉस्बी याने १८७५ मध्ये या नाण्यांची कागदपत्रे व प्रकार एकत्र केले, आणि सिडनी नो याने १९४३, १९४७ व १९५२ या वर्षी प्रसिद्ध झालेल्या तीन पुस्तिकांत एकेका ठशाच्या जोडीला क्रमांक दिला. आजही लिलावाच्या सूचीत असे नाणे नोच्या क्रमांकाने ओळखले जाते. एक ठसा दोन निरनिराळ्या जोडीदारांबरोबर वापरलेला आढळला की ते दोन्ही गट एकमेकांना साखळीने जोडले जातात, आणि ठशावरची भेग कुठे बारीक व कुठे रुंद आहे हे पाहिले की कोणता गट आधीचा हेही ठरते, या तत्त्वावर ते काम उभे आहे. मुंबईच्या अभ्यासकांसमोर हा आदर्श नेहमीच राहिला आहे, परंतु बॉस्टनच्या टांकसाळीचे काम तीस वर्षांचे आणि आटोपशीर होते, तर मुंबईचे दीडशे वर्षांहून अधिक काळाचे आणि तीन भाषांत पसरलेले आहे.

ठसा ओळखण्याची रीत

मोगल धर्तीच्या रुपयात ठसा चकतीपेक्षा मोठा असे. परिणामी कोणत्याही एका नाण्यावर ठशाचा सगळा मजकूर उमटत नाही. घाव जिथे पडला तेवढाच भाग दिसतो आणि बाकीचा काठाबाहेर राहतो. ‘जर्ब मुंबई’ हे शब्द बहुधा तळाच्या ओळीत असल्याने तेच नेमके कापले जातात, आणि अशा वेळी हातातील रुपया मुंबईचा आहे हे वरच्या ओळींतील अक्षरांच्या वळणावरून, टिंबांच्या मांडणीवरून आणि मधल्या चिन्हांवरून ठरवावे लागते. अभ्यासक एकाच ठशाची वाटणारी अनेक नाणी शेजारी ठेवतो, एकात वरचा तर दुसऱ्यात खालचा भाग उमटलेला असतो, आणि ते भाग समान अक्षरांवर जुळवत मूळ ठशाचे संपूर्ण चित्र कागदावर पुन्हा उभे करतो.

या जुळणीत अक्षरांच्या आकारापेक्षा त्यांच्यामधील अंतराला अधिक महत्त्व आहे. ‘जुलूस’ या शब्दातील शेवटच्या ‘सीन’ अक्षराचे दात आणि त्यांच्या पोटातील राज्यवर्षाचा आकडा यांची परस्परांशी असलेली जागा, किंवा तीन टिंबांच्या त्रिकोणाचा कल, या गोष्टी कारागिराला दुसऱ्या ठशावर हुबेहूब उतरवता येत नाहीत. त्याउलट अक्षराची जाडी फसवी असते, कारण घाव जोराचा पडला की रेघ जाड दिसते आणि हलका पडला की तीच बारीक. ठशाला तडा गेला तर नाण्यावर तो खाच म्हणून न येता उंचवट्याची रेघ म्हणून येतो, आणि ही रेघ ज्या नाण्यावर नाही ते आधीचे, जिथे ती केसाएवढी आहे ते मधले, व जिथे ती अक्षरात शिरली आहे ते शेवटचे, असा क्रम लावता येतो. वरचा ठसा हातोड्याचा घाव थेट झेलत असल्याने लवकर निकामी होतो आणि ऐरणीत बसवलेला खालचा ठसा अधिक टिकतो. म्हणूनच एका खालच्या ठशाबरोबर अनेक वरचे ठसे आढळणे हे स्वाभाविक आहे.

वजन आणि कस यांचा पुरावा याला जोडून पाहिला जातो. सराफाने कस पाहण्यासाठी मारलेल्या खुणा, दागिन्यासाठी जोडलेली कडी आणि ती काढल्यावर राहिलेला डाग यांना ठशाचा भाग समजण्याची चूक जुन्या सूचींत क्वचित झालेली दिसते, त्यामुळे शक्य तेथे मूळ नाणे हाताळूनच निर्णय करावा, असा दंडक आता सर्वमान्य आहे.

वर्गीकरणाचे मतप्रवाह

पहिला प्रवाह कागदपत्रांवर भर देणारा आहे. एडगर थर्स्टन याने १८९० मध्ये मद्रासहून प्रसिद्ध केलेल्या कंपनीच्या नाण्यांच्या इतिहासात पत्रव्यवहार, हुकूम आणि टांकसाळीचे अहवाल यांच्या आधाराने नाण्यांची मालिका मांडली. या पद्धतीचे बळ असे की नाणे कोणत्या हुकमाने व कोणत्या प्रमाणाने निघाले हे ठामपणे सांगता येते. तिची मर्यादा अशी की हुकूम आणि प्रत्यक्ष काम यांत अंतर पडले तर कागद गप्प राहतो. पहिल्या रुपयांवर इंग्रजी अंमलाचे ‘सातवे वर्ष’ असा जो उल्लेख येतो, त्याची गणना १६६५ पासून केली तर १६७२ च्या जवळचे वर्ष मिळते आणि १६६८ पासून केली तर १६७४-७५; टांकसाळ सुरू झाल्याच्या काळाशी पहिली गणना अधिक जुळते.

दुसरा प्रवाह एफ. प्रिडमोर याच्या १९७५ मधील ग्रंथाने रूढ केला. इंग्रजी साम्राज्याच्या नाण्यांवरील त्याच्या ग्रंथमालेतील या खंडात १८३५ पर्यंतच्या कंपनीच्या इलाखानिहाय नाण्यांना क्रमांक मिळाले आणि व्यापारी, संग्राहक व संग्रहालये यांना एक समान भाषा मिळाली. पॉल स्टीव्हन्स याने २०१७ मध्ये मुंबई इलाख्याच्या नाण्यांवर स्वतंत्र ग्रंथ काढून अभिलेखागारांतील सामग्रीच्या आधारे ही मांडणी पुष्कळ विस्तारली. या दोन्ही ग्रंथांचा पाया नाण्याचा प्रकार हा आहे: मजकूर, टांकसाळ, मोल, सन आणि जाणूनबुजून घातलेल्या गुप्त खुणा. सामान्य अभ्यासकासाठी हीच पद्धत सर्वांत उपयोगी आहे, यात शंका नाही.

तिसरा प्रवाह ठशालाच एकक मानतो. त्याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की एका क्रमांकाखाली वीस-तीस वर्षांचे काम एकत्र बांधले गेले तर तो क्रमांक वस्तूचे नाव सांगतो, इतिहास सांगत नाही. यावर प्रकारवाद्यांचे उत्तरही विचार करण्याजोगे आहे: ठसे शेकड्यांनी असतील तर प्रत्येक टिंबाला क्रमांक देऊन सूची वाढेल, पण आकलन वाढेलच असे नाही, आणि अर्धवट उमटलेल्या नाण्यांवरून दोन वेगळे ठसे कल्पिण्याचा धोकाही राहील. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत. परंतु जिथे सन गोठलेला आहे त्या सुरती धर्तीच्या मालिकेपुरता तरी तिसऱ्या पद्धतीला पर्याय दिसत नाही. नोने केली तशी एकेका ठशाची क्रमवार यादी या रुपयांच्या बाबतीत अजून प्रमाण म्हणून रूढ झालेली नाही, आणि हीच या क्षेत्रातील सर्वांत मोठी उणीव आहे.

मतभेदाचा नेमका मुद्दा बहुतेक वेळा खुणेच्या हेतूवर येऊन ठेपतो. सुरती धर्तीच्या काही रुपयांवर दिसणारा लहानसा मुकुट मुद्दाम घातलेला आहे हे सर्वांना मान्य आहे, आणि अशा नाण्यांचा संबंध मुंबईशी जोडला जातो. मात्र फुलांच्या पाकळ्यांची संख्या किंवा जास्तीचे टिंब ही टांकसाळीची सांकेतिक खूण होती की कारागिराच्या हाताची लकब, याचा निर्णय एकेका नाण्यावरून होत नाही. तीच लकब दोन टांकसाळींच्या निश्चित नाण्यांत आढळली तर ती खूण उरत नाही, एवढेच तत्त्व त्याला लावता येते. हाच प्रश्न मराठ्यांच्या रुपयांतही आहे. पुण्याच्या टांकसाळीची अंकुशाची खूण पेशवाईनंतर कंपनीच्या अंमलातही चालू राहिली, त्यामुळे अंकुशी रुपया पेशव्यांचा की कंपनीचा हे खुणेवरून न ठरता फसली सनावरून व ठशाच्या घडणीवरून ठरवावे लागते. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा १९८९ मधील मराठ्यांच्या टांकसाळींवरील ग्रंथ, जो नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेने काढला, त्याचा आधार घेतल्याशिवाय या सीमेवरच्या नाण्यांचा विचार पुरा होत नाही.

यंत्राची टांकसाळ आणि बदललेला प्रश्न

फोर्टातील नवी टांकसाळ १८२४ ते १८२९ या काळात बॉम्बे इंजिनिअर्सचे मेजर जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली उभी राहिली आणि तिच्यात वाफेवर चालणारी यंत्रे बसली. मूळ कोरणीवरून कितीही ठसे उमटवता येऊ लागल्यावर ठशाठशांतील भेद बारीक झाले, आणि अभ्यासकाची नजर अक्षरांच्या वळणावरून मूळ कोरणीच्या भेदांकडे व टांकसाळीच्या खुणांकडे वळली.

१८३५ च्या सतराव्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, अकरा-बारांश शुद्धतेचा रुपया कंपनीच्या सगळ्या मुलखात एक केला, पण सन गोठवण्याची सवय सुटली नाही. चौथ्या विल्यमच्या रुपयावर शेवटपर्यंत १८३५ हेच वर्ष राहिले, व्हिक्टोरिया राणीच्या कंपनीकालीन रुपयावर १८४०, आणि १८६२ चा रुपया १८७४ पर्यंत त्याच सनाने पडत होता. या शेवटच्या रुपयावर मुंबईच्या टांकसाळीने सनाच्या आसपास बारीक ठिपके घातले, आणि हे ठिपके प्रत्यक्ष वर्षाची खूण आहेत हे आता सामान्यतः मान्य आहे. कोणत्या ठिपक्यांचे कोणते वर्ष, हे टांकसाळीच्या उत्पादनाच्या आकड्यांशी ताडून पाहण्याचे काम स्टीव्हन्स व रँडी वीर यांच्या २०१२ मधील ग्रंथाने पुढे नेले. गोठलेल्या सनाचा तोटा टांकसाळीलाच जाणवला आणि तिने स्वतःपुरता त्यावर उपाय शोधला, असे हे ठिपके सुचवतात. हातघडणीच्या सुरती रुपयांतही असा एखादा संकेत दडला असेल, ही शक्यता त्यामुळेच गंभीरपणे तपासण्याजोगी आहे.

ठशांवरून उत्पादन मोजता येते का?

ठसे मोजले की नाण्यांची एकूण संख्या काढता येईल, ही कल्पना मोहक आहे आणि तिच्यावर बराच वाद झाला आहे. प्राचीन ग्रीक व रोमन नाण्यांच्या संदर्भात टी. व्ही. बट्रे याने १९९३ मध्ये असे प्रतिपादन केले की एका ठशातून किती नाणी पडली हे माहीत नसताना एकूण संख्या सांगणे हा निव्वळ कल्पनाविलास आहे. फ्रांस्वा द कालाताय याने १९९५ मध्ये त्याला उत्तर देताना मर्यादा मान्य करूनही सावध अंदाज शक्य आहे अशी बाजू मांडली. भारतात हा वाद त्याआधीच झाला होता: अझीझा हसन यांनी १९६९ मध्ये संग्रहालयांतील नाण्यांच्या संख्येवरून मोगलांच्या चांदीच्या चलनाचा चढउतार काढला, जॉन डेयेल यांनी १९७६ मध्ये त्या पद्धतीवर आक्षेप घेतले, आणि शिरीन मूसवी यांनी पुढे सापडलेल्या निधींचा आधार घेऊन हाच प्रश्न नव्याने हाताळला.

मुंबईच्या नाण्यांना या वादात एक विशेष स्थान मिळू शकते. येथे ठसे आहेत आणि कंपनीचे हिशेबी कागदही आहेत. ज्या काही वर्षांचे आकडे कागदांत मिळतात त्यांच्याशी ठशांची संख्या ताडून पाहिली, तर एका ठशातून सरासरी किती रुपये पडत याचे उत्तर अनुमानाऐवजी पुराव्याने देता येईल. तसे झाल्यास त्याचा उपयोग मोगल आणि मराठा टांकसाळींच्या अभ्यासालाही होईल.

उरलेले प्रश्न

सर्वांत नाजूक प्रश्न अस्सलपणाचा आहे. सतराव्या शतकातील मुंबईचे रुपये अत्यंत दुर्मीळ असल्याने त्यांच्या ओतीव नकला होणे ओघानेच आले, आणि त्या पकडण्यासाठी ठशांचा अभ्यास हे मोठे साधन आहे. एकाच ठशातून पडलेल्या दोन अस्सल नाण्यांचा काठ, चकतीला गेलेली भेग आणि घाव सरकण्याची दिशा निराळीच असणार. ती दोन्हींत तंतोतंत सारखी असेल तर निदान एक नाणे दुसऱ्याच्या साच्यातून ओतलेले आहे, किंवा दोन्ही एखाद्या तिसऱ्याच्या. बॉस्टनच्या नाण्यांच्या नकला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात न्यूयॉर्कमध्ये थॉमस वायट याने केल्या होत्या, आणि त्या वेगळ्या काढण्याचे काम ठशांच्या यादीमुळेच सोपे झाले.

दुसरी अडचण सामग्रीची आहे. एकरूप चलन आल्यावर जुने रुपये मोठ्या प्रमाणावर वितळवले गेले. उरलेले रुपये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमपासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापर्यंत विखुरलेले आहेत, आणि त्यांहूनही पुष्कळ नाणी घरांच्या पेट्यांत, देव्हाऱ्यांत व जुन्या दागिन्यांत आहेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जमिनीत सापडलेला निधी सरकारला कळवणे बंधनकारक आहे, परंतु घरात वारशाने आलेल्या नाण्यांची नोंद कुठेच होत नाही. छायाचित्रे एकमेकांवर ठेवून ठसे जुळवण्याचे काम संगणकामुळे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. कमतरता आहे ती चांगल्या छायाचित्रांची.

म्हणून ज्यांच्याकडे फार्सी अक्षरांचे जुने रुपये आहेत, विशेषतः गिरगाव, भुलेश्वर, माझगाव अशा जुन्या वस्त्यांतील कुटुंबांनी आणि झवेरी बाजारातील सराफांनी, ते मोडीत काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र, ग्रॅमच्या शतांशापर्यंतचे वजन आणि नाणे घरात कसे आले याची एक ओळ लिहून ठेवावी. चिंच किंवा पॉलिश लावून नाणे घासू नये. त्याने केसाएवढी भेग पुसली जाते, आणि ज्या रुपयावरून दोन ठशांचा क्रम लागला असता तो रुपया अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी होतो.